होमस्टे बुकिंग अ‍ॅपचा लाँच: इन्स्टन्सच्या साइझआधी डेटाबेसचं काय काय बघून घ्यायचं

तुमचा प्रश्न नीट वाचला. मला समजला तो असा: तुम्ही तिघांनी मिळून तारकर्ली, देवबाग, वायरी भागातल्या होमस्टेंसाठी बुकिंग अ‍ॅप बनवलंय, चाळीसेक घरं जोडली गेलीत, आत्तापर्यंत सगळा कारभार गूगल शीट आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचा, आता दिवाळीच्या सुट्टीला पैसे घेऊन खरंखुरं लाँच करायचंय. डेटाबेस एडब्ल्यूएसच्या (अॅमेझॉनचा क्लाउड) आरडीएसवर, म्हणजे त्यांच्या भाड्याच्या मॅनेज्ड डेटाबेस सेवेवर, सॉफ्टवेअर पोस्टग्रेस, मुंबई रीजन, सध्याचा इन्स्टन्स (भाड्याचा सर्व्हर) टी४जी मायक्रो, म्हणजे छोट्यातला. आणि विचारलंय की गर्दीला पुरेल असा किती मोठा इन्स्टन्स घ्यावा, आणि मॅनेज्ड सर्व्हिस आहे म्हटल्यावर बाकी काही करायला लागतं का.

साइझचं उत्तर शेवटी देतो, कारण खरं सांगायचं तर ती यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. चुकली तर मॉडिफाय करा, काही मिनिटांचा डाउनटाइम, झालं काम. लाँचनंतर त्रास देतात त्या गोष्टी वेगळ्याच असतात, ज्या चालू धंद्यात बदलताना घाम फुटतो. पडवी पाऊस तोंडावर आला तरी वाढवून घेता येते, घराचं जोतं नाही. तेव्हा आधी जोत्याकडे बघू.

मॅनेज्ड म्हणजे नक्की काय मॅनेज्ड, हे तिघांनी एकदा बसून बोलून घ्या. हार्डवेअर, ओएसचे पॅचेस, डिस्क, बॅकअप घेण्याची यंत्रणा, स्टँडबाय (तयार ठेवलेला जोडीचा डेटाबेस) ठेवलात तर फेलओव्हर म्हणजे त्याच्यावर आपोआप उडी, एवढं ते बघतात. तुमचं टेबल कसं बांधलंय, क्वेरी कशी लिहिलीय, कनेक्शन किती उघडी ठेवलीत, पासवर्ड कोणाकडे आहे, बॅकअपमधून डेटा परत उभा करून कधी कोणी बघितलाय का, यातलं काहीही ते बघत नाहीत. रात्री डेटाबेस रडायला लागला तर फोन तुमचाच वाजणार, आणि तोही तुम्ही अलार्म लावला असेल तर.

आता ज्या गोष्टी नंतर बदलायला अवघड त्या पटापट सांगतो. एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणं) इन्स्टन्स बनवतानाच चालू करायचं असतं. विसरलात तर चालू इन्स्टन्सवर बटण दाबून होत नाही, स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण प्रत) घ्या, त्याची एन्क्रिप्टेड कॉपी करा, त्यातून नवा इन्स्टन्स उभा करा, अशी यात्रा करावी लागते, म्हणून आत्ताच बघा टिक आहे का. स्टोरेज वाढवता येतं, पण सरळ कमी करता येत नाही, तेव्हा उगाच पाचशे जीबी घेऊन बसू नका, जीपी३ वर (साधी एसएसडी डिस्क) थोडक्यात सुरुवात करा, जागा आपोआप वाढवणारं ऑटोस्केलिंग चालू ठेवा आणि त्याला वरची मर्यादा घाला. व्हर्जन सध्याची चांगली स्थिरावलेली घ्या, पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या व्हर्जनला कम्युनिटीचा सपोर्ट साधारण ५ वर्षांचा असतो आणि तो संपल्यावर आरडीएसवर एक्स्टेंडेड सपोर्टचे वेगळे पैसे लागतात, काही लोकांना हे बिल बघूनच कळतं. पैशाचा कॉलम फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) असेल तर आजच बदला, न्यूमेरिक (अचूक दशांश) करा नाहीतर रक्कम रुपयांऐवजी पैशांत मोजून पूर्णांक ठेवा. वेळेचे कॉलम टाइमझोनसकट ठेवा. घरांचे फोटो डेटाबेसमध्ये कोंबले असतील तर काढून एस३ वर (एडब्ल्यूएसची फाइल साठवायची जागा) टाका, टेबलात नुसता पत्ता ठेवा.

आता मुद्द्याचं, डबल बुकिंग. तुमच्या धंद्यात डेटाबेस अर्धा तास बंद पडला तर लोक शिव्या देतील आणि परत येतील. पण ३१ डिसेंबरला पुण्याहून आठ तास गाडी चालवून दोन कुटुंबं एकाच खोलीच्या दारात उभी राहिली तर त्या घरवाल्या वहिनी तुमचं अ‍ॅप त्याच रात्री काढून टाकतील, आणि देवबागसारख्या गावात ही गजाल सकाळपर्यंत चाळीसही घरांत पोचलेली असते.

बहुतेक जण काय करतात, कोडमध्ये आधी तपासतात की या तारखांना या खोलीवर बुकिंग आहे का, नाही दिसलं तर नवीन ओळ टाकतात. टेस्टिंगमध्ये हे मस्त चालतं कारण टेस्टिंगला एकच माणूस असतो. गर्दीत दोन माणसं एकाच क्षणी तपासतात, दोघांनाही खोली मोकळी दिसते, दोघंही ओळ टाकतात आणि पोस्टग्रेसच्या नेहमीच्या आयसोलेशन लेव्हलला (एकाच वेळी चाललेली कामं एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची त्या सेटिंगला) यात काही वावगं वाटत नाही. मोठा इन्स्टन्स घेतलात म्हणून हे थांबत नाही.

याला पोस्टग्रेसमध्ये फार चांगलं औषध आहे, एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट. बीट्री-जिस्ट नावाचं एक्स्टेंशन चालू करायचं (आरडीएसवर मिळतं), मुक्कामाच्या तारखा दोन वेगळ्या कॉलमऐवजी एकाच डेटरेंज कॉलममध्ये ठेवायच्या, आणि नियम घालायचा की खोली तीच आणि तारखा एकमेकींवर चढत असतील तर दुसरी ओळ आत येताच कामा नये. मग कोडमध्ये कुणी काहीही गोंधळ घालू दे, दोन सर्व्हर असू देत, दहा असू देत, दुसऱ्याला एरर मिळणारच. ती एरर पकडायची आणि माणसाला 'ही खोली आत्ताच गेली, या बघा शेजारच्या' असं दाखवायचं.

इथे एक बारकी जागा आहे. रेंज लिहिताना चेक-इनची तारीख धरायची, चेक-आउटची धरायची नाही, म्हणजे सुरुवात बंद कंस आणि शेवट उघडा कंस. म्हणजे २४ ते २६ आणि २६ ते २८ ही दोन बुकिंगं एकमेकांना टेकतात पण भांडत नाहीत, सकाळी एक कुटुंब निघतं, दुपारी दुसरं येतं. दोन्हीकडे बंद कंस दिलात तर पोस्टग्रेस त्या पहिल्या बुकिंगचं २७ च्या आधीपर्यंत असं रूप करून ठेवतो, २६ ची रात्र फुकट अडकते, आणि सीझनमध्ये घरवाला विचारतो की माझी खोली रिकामी असून अ‍ॅपवर फुल्ल का दिसते. तुम्ही कोडमध्ये शोधत बसता, दोष असतो एका कंसात.

दुसरी बारकी जागा म्हणजे होल्ड. पैसे भरेपर्यंत खोली दहा-पंधरा मिनिटं धरून ठेवायची असेल तर कन्स्ट्रेंटमध्ये अट घालता येते की रद्द झालेली बुकिंगं सोडून बाकीच्यांनाच हा नियम. पण 'ज्या होल्डची वेळ संपलीय ते सोडून' अशी अट घालता येत नाही, कारण त्या अटीत आत्ताची वेळ वापरायची परवानगी पोस्टग्रेस देत नाही. म्हणजे वेळ संपलेले होल्ड कुणीतरी रद्द करायला हवेत. नुसता दर मिनिटाचा जॉब ठेवू नका, तो कधीतरी अडकतोच, त्यापेक्षा नवीन बुकिंग टाकायच्या आधी त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकतर सगळे बदल होतात नाहीतर एकही नाही, असा गट) त्या खोलीचे शिळे होल्ड रद्द करून घ्या, आणि जॉब वरून साफसफाईला असू दे.

डॉल्फिन राइड किंवा स्कूबाच्या बोटीच्या सीटसुद्धा पुढे विकणार म्हणालात. तिथे रेंजचा प्रश्न नाही, मोजणीचा आहे. शिल्लक सीट वाचून, कोडमध्ये वजा करून परत लिहू नका. एकाच अपडेटमध्ये वजाबाकी करा आणि अट घाला की शिल्लक मागणीएवढी असेल तरच. शून्य ओळी बदलल्या म्हणजे बोट भरली.

बरं, हे सगळं करूनही फोनवर घेतलेलं बुकिंग राहतंच. मुंबईचा जुना चाकरमानी गिऱ्हाईक थेट घरी फोन करतो, काका हो म्हणतात, आणि अ‍ॅपमध्ये टाकायचं राहतं. याला डेटाबेस काही करू शकत नाही, पण तुम्ही करू शकता, घरवाल्याच्या स्क्रीनवर एका बोटात तारीख ब्लॉक करायचं बटण द्या आणि ते बुकिंगच्या त्याच टेबलात, त्याच नियमाखाली ओळ टाकू दे. वेगळं ब्लॉक टेबल केलंत की कन्स्ट्रेंट अर्धाच राहिला. आणि देवबागच्या टोकाला नेटवर्क कसं आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, माणूस बटण दाबतो, चक्र फिरत राहतं, परत दाबतो, परत दाबतो. म्हणून प्रत्येक विनंतीला अ‍ॅपनेच एक युनिक आयडी द्यावा आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिक कन्स्ट्रेंट असावा, म्हणजे तीनदा दाबलं तरी ओळ एकच. पेमेंट गेटवेचा कॉलबॅकसुद्धा (पैसे आल्याचा निरोप) एकाच पेमेंटसाठी पुन्हा पुन्हा येऊ शकतो, तिथेही पेमेंट आयडीवर तेच. होल्ड संपल्यावर यूपीआयचे पैसे आले तर काय, रिफंड की दुसरी खोली, हेही ठरवून ठेवा. सीझनमध्ये हे घडणारच, आणि समोरचा एकच विचारणार, 'बुकिंग झाला की नाय ता आधी सांग.'

जुनी शीट इम्पोर्ट करताना कन्स्ट्रेंट आधी लावा, डेटा नंतर ओता. लोक उलटं करतात, मग कन्स्ट्रेंट लागतच नाही कारण शीटमध्येच डबल बुकिंगं बसलेली असतात. आधी लावलात तर कुठल्या ओळी आत येत नाहीत त्याची यादी आपोआप मिळते, ती घेऊन घरवाल्यांना फोन करा. तारखा दिवस-महिना की महिना-दिवस ते तपासा, ३ एप्रिलचं ४ मार्च झालेलं ओळखू येत नाही, एकाच घराची दोन-तीन स्पेलिंगं असतात, आणि मोबाइल नंबर शीटने आकडा समजून मोडून ठेवलेले असतात. या कामाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ द्या.

आता कनेक्शन. लाँचच्या दिवशी साइट पडण्याचं सगळ्यात कॉमन कारण मी हेच बघितलंय, सीपीयू निवांत असतो, मेमरी असते आणि कनेक्शन संपलेली असतात. आरडीएसवर पोस्टग्रेसची कमाल कनेक्शनं मेमरीवरून ठरतात, १ जीबीच्या मायक्रोवर ती शंभरीच्या आतबाहेर येतात. आता तुमचं गणित मांडा. अ‍ॅपच्या चार प्रोसेस, प्रत्येकीचा पूल (तयार उघडून ठेवलेली कनेक्शनं) दहाचा, झाली चाळीस. नवीन कोड टाकताना जुन्या आणि नव्या प्रोसेस थोडा वेळ एकत्र चालतात, झाली ऐंशी. त्यात मेसेज पाठवणारा वर्कर, रिपोर्ट, आणि तुमच्यापैकी कुणीतरी लॅपटॉपवरून उघडून ठेवलेला पीजीअ‍ॅडमिन. गर्दी बघून ऑटोस्केलिंगने दोन प्रोसेस वाढवल्या की कारभार आटोपला, म्हणजे मदतीला वाढवलेले सर्व्हरच डेटाबेसला बुडवतात. पूल छोटा ठेवा, प्रोसेसमागे पाच पुष्कळ होतात. त्यावर लागलं तर पीजीबाउन्सर किंवा आरडीएस प्रॉक्सी, म्हणजे थोडीच कनेक्शनं सगळ्यांत वाटणारा मध्यस्थ, मध्ये घाला. नुसता कमाल आकडा वाढवू नका, प्रत्येक कनेक्शन म्हणजे पोस्टग्रेसची एक स्वतंत्र प्रोसेस, ती मेमरी खातेच.

आणि एक तपासा जे तुमच्या प्रश्नातल्या वर्णनावरून मला संशयास्पद वाटतंय. तुम्ही लिहिलंय की 'बुकिंग सुरू करतो, गेटवेकडून पेमेंट लिंक बनवून घेतो, मग कमिट करतो'. म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून, बदल पक्का (कमिट) न करता, तुम्ही बाहेरच्या सर्व्हरची वाट बघताय. गेटवे हळू झाला, आणि सुट्टीच्या दिवशी होतो, की तेवढा वेळ कनेक्शनही अडकलं आणि त्या खोलीची कुलपंही. मागे रांग लागते आणि दोष डेटाबेसवर जातो. होल्डची ओळ टाका, कमिट करा, मग बाहेर बोला, उत्तर आलं की दुसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये नोंद करा. वरून स्टेटमेंट टाइमआउट आणि आयडल-इन-ट्रान्झॅक्शन टाइमआउट दोन्ही पॅरामीटर ग्रुपमध्ये (आरडीएसवर डेटाबेसची सेटिंग ठेवायची जागा) घालून ठेवा, म्हणजे एखादी विसरलेली ट्रान्झॅक्शन सगळ्यांना धरून बसणार नाही.

क्वेरींचं थोडक्यात. पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स (कुठली क्वेरी किती वेळ खाते ते मोजणारं एक्स्टेंशन) चालू करा, स्लो क्वेरीचा लॉग अर्ध्या सेकंदावर ठेवा. फॉरेन कीवर (दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणारा कॉलम) पोस्टग्रेस आपणहून इंडेक्स (पटकन शोधायची सूची) बनवत नाही, बऱ्याच जणांना वाटतं बनतो, स्वतः बघा. आणि लोड टेस्ट रिकाम्या टेबलावर करू नका, काही लाख खोट्या ओळी भरा, आणि मुख्य म्हणजे मागणी सारखी पसरवू नका. खऱ्या आयुष्यात सगळ्यांना समुद्राला लागून असलेली तीच आठ-दहा घरं आणि त्याच चार रात्री हव्या असतात. के६ सारख्या, खोटी गर्दी तयार करणाऱ्या टूलने तीच मारामारी लावा आणि बघा किती एरर नीट दाखवल्या जातात, किती पानं नुसती लटकतात.

बॅकअप. तुम्ही लिहिलंय 'ऑटोमेटेड बॅकअप ऑन आहे'. छान. किती दिवसांचा? कन्सोलवरून बनवला असेल तर बहुधा ७, कोणी स्क्रिप्टने बनवला असेल तर १ असू शकतो, जास्तीत जास्त ३५ करता येतो. लाँचला निदान १४ तरी करा. पॉइंट-इन-टाइम रिस्टोर तेवढ्या दिवसांतल्या कुठल्याही क्षणाची, अगदी साधारण ५ मिनिटांपूर्वीपर्यंतची, स्थिती परत आणून देतो, ही फार मोठी सोय आहे. पण तो तुमच्या चालू इन्स्टन्सला मागे नेत नाही, नवीन इन्स्टन्स उभा करतो, नवीन पत्त्यासकट. म्हणजे अ‍ॅपला तो पत्ता द्यायला हवा, सिक्युरिटी ग्रुप (कुठून कोण जोडू शकतं त्याचे नियम) आणि पॅरामीटर ग्रुप बरोबर लागलेत का बघायला हवं, आणि त्याच्यात वेळ जातो.

म्हणून लाँचच्या आधी एका दुपारी हे प्रत्यक्ष करा. तिघांपैकी ज्याला डेटाबेसचं सगळ्यात कमी कळतं त्याला बसवा. सांगा की कुणीतरी दुपारी २:४० ला सगळी बुकिंगं डिलीट केली, आता २:३९ ची स्थिती परत आण. बाकी दोघांनी तोंड बंद ठेवायचं आणि घड्याळ बघायचं. तो जिथे जिथे अडकेल ते लिहून काढा, तीच तुमची आपत्कालीन वही. एक गोष्ट हमखास दिसेल, नवीन इन्स्टन्स 'अव्हेलेबल' दाखवतो पण पहिल्या क्वेरी रांगत चालतात, कारण डेटा स्नॅपशॉटमधून लागेल तसा मागून येत असतो. ते बिघडलेलं नसतं, पण माहीत नसेल तर माणूस घाबरून आणखी काहीतरी बदलतो आणि खरं बिघडवतो. डेटाबेस उभा झाल्यावरचा प्रश्नही सोडवा: २:४० नंतर जी खरी बुकिंगं आणि पैसे आले त्यांचं काय? गेटवेच्या रिपोर्टवरून जुळवायचे तर ते कोण करणार, घरवाल्यांना फोन कोण करणार.

आणि डिलीशन प्रोटेक्शन चालू करा. इन्स्टन्स डिलीट करताना वेगळं सांगितलं नाही तर त्याचे ऑटोमेटेड बॅकअपही त्याच्याबरोबर जातात, हाताने घेतलेले स्नॅपशॉट राहतात. प्रॉडक्शनला शक्यतो वेगळं अकाउंट करा, नुसतं नाव वेगळं नव्हे.

मल्टी-एझेड (वेगळ्या डेटा सेंटर झोनमध्ये जोडीचा डेटाबेस) घ्यावा का, हे परिस्थितीवर आहे. इन्स्टन्सचा खर्च जवळपास दुप्पट होतो. मिळतं काय, तर दुसऱ्या झोनमध्ये तयार स्टँडबाय, आणि काही झालं तर साधारण ६० ते १२० सेकंदांत आपोआप फेलओव्हर. साध्या मल्टी-एझेडमधल्या त्या स्टँडबायवरून वाचता येत नाही, म्हणजे वेग वाढत नाही. आणि तो बॅकअप नव्हे, तुम्ही चुकीचं डिलीट मारलंत तर ते तिकडेही त्याच क्षणी होतं. माझं मत असं की पैसे घेताय तर दिवाळी ते जानेवारीचा पहिला आठवडा आणि एप्रिल-मे एवढ्यापुरता तरी चालू ठेवा, ऑफ सीझनला बंद करता येतो. जूनपासून बोटी किनाऱ्याला लागतात, वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, तुमचाही ट्रॅफिक तळाला जातो, तेव्हा सिंगल चालेल. पण घेतलात तर एकदा रीबूट-विथ-फेलओव्हर करून बघा तुमचं अ‍ॅप स्वतःहून परत जोडतं का. काही लायब्ररी जुना आयपी धरून बसतात आणि डेटाबेस उठला तरी अ‍ॅप मेलेलंच राहतं.

मेंटेनन्स विंडो आणि बॅकअप विंडोच्या वेळा यूटीसीत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) असतात. हे वाक्य मुद्दाम वेगळं लिहितोय कारण यात हमखास गडबड होते. रात्री दोनला म्हणून कुणी ०२:०० टाकलं तर ते आपल्याकडचे सकाळचे ७:३०, म्हणजे नेमकी डॉल्फिनच्या बोटी सुटायची वेळ. पहाटे ३:३० हवं असेल तर आदल्या दिवशीचे २२:०० लिहा, वारही एकने मागे घ्या, आणि वार निवडताना शुक्रवार-शनिवार-रविवार टाळा.

अ‍ॅक्सेस. तुमच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये सगळ्या जगाला पोर्ट उघडा असेल अशी मला जवळपास खात्री आहे, कारण घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहतो आणि दर वेळी बदलायचा कंटाळा येतो. बंद करा. पब्लिक अ‍ॅक्सेस नको, आत शिरायला सेशन मॅनेजर किंवा व्हीपीएन वापरा. अ‍ॅपने मास्टर युजरने (सगळे अधिकार असलेला) जोडू नये, अ‍ॅपला वेगळा युजर द्या ज्याला टेबल पाडता येत नाही, मायग्रेशनला (टेबलांची रचना बदलायला) वेगळा, रिपोर्ट काढणाऱ्याला फक्त वाचण्यापुरता. पासवर्ड सीक्रेट्स मॅनेजरमध्ये, कोडमध्ये नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नाहीच.

आपल्या भागाचा म्हणून एक मुद्दा, जो बंगळुरूवाल्याच्या चेकलिस्टमध्ये सापडणार नाही. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडे आणि मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याने गेलं तेव्हा सिंधुदुर्गात, लाइट आणि मोबाइल टॉवर दोन्ही कितीतरी ठिकाणी दिवसेंदिवस बंद होते. तुमचा डेटाबेस मुंबई रीजनमध्ये सुखरूप चालू असेल, पण त्याची किल्ली मालवणात बॅटरी संपलेल्या फोनमध्ये असेल तर उपयोग काय. रूट अकाउंटचा एमएफए (लॉगिनची दुसरी पायरी) एकाच माणसाच्या फोनवर ठेवू नका, दुसरं डिव्हाइस जोडा. तिघांपैकी एक पुण्या-मुंबईत असेल तर त्याला पूर्ण अधिकार आणि ती आपत्कालीन वही द्या, कुठलाही रोजचा जॉब कुणाच्या लॅपटॉपवर चालत असेल तर तो आधी सर्व्हरवर हलवा. घरवाल्यांना पुढच्या सात दिवसांच्या बुकिंगांची यादी रोज एसएमएस किंवा पीडीएफने पाठवा, नेट गेलं तरी कोण येणार ते त्यांच्याकडे असू दे.

कायद्याचं थोडं. कार्डचे नंबर आपल्याकडे ठेवायचेच नाहीत, रिझर्व्ह बँकेने दुकानदारांना ते साठवायला १ ऑक्टोबर २०२२ पासून बंदी केलीय, गेटवेचं टोकन पुरे. पाहुण्यांच्या आधारचे फोटो गोळा करत असाल तर खरंच गरज आहे का बघा, असेल तर मास्क्ड आधार (काही आकडे झाकलेला) घ्या आणि मुक्काम झाल्यावर ठराविक दिवसांनी पुसा. डीपीडीपी (वैयक्तिक डेटा संरक्षण) कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत, डेटा नीट न सांभाळल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. आता आरडीएसवर पोस्टग्रेसचे लॉग नेहमीच्या सेटिंगला ३ दिवसच राहतात, वाढवून ७, म्हणून ते क्लाउडवॉचला (एडब्ल्यूएसची लॉग आणि देखरेखीची सेवा) पाठवायचं चालू करा आणि तिथे मुदत लावा. बाकी तपशील तुमच्या सीएला किंवा वकिलाला विचारा, ते माझं क्षेत्र नाही.

अलार्म कमी लावा पण वाजणारे लावा: मोकळी जागा, कनेक्शनची संख्या, सीपीयू, मोकळी मेमरी. जागेचा अलार्म दोन टप्प्यांत. ईमेलवर पाठवून उपयोग नाही, फोनवर यायला हवा, आणि शनिवारी कोणाचा फोन ते ठरलेलं हवं.

लाँचची तारीख. तुम्ही दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या शुक्रवारी सगळी चाळीस घरं एकदम उघडणार म्हणताय, ते करू नका. गणपती आटोपले की पाच घरं उघडा, ओळखीची, फोन उचलणारी. २ ऑक्टोबरच्या आसपासच्या सुट्टीला पंधरा. त्यात जी क्वेरी रडेल ती रडू दे. दिवाळीआधीच्या आठवड्यात टेबलांना हात लावायचा नाही, आणि सीझनमध्ये लावायलाच लागला तर लॉक टाइमआउट घालून, इंडेक्स कॉन्करन्टली (टेबलातलं काम न अडवता) बनवून, मध्यरात्रीनंतर. शीट ज्या दिवशी बंद करायची त्या दिवशी ती खरंच फक्त वाचण्यापुरती करा, दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्यात तर महिनाभर जुळवाजुळवच चालेल.

आता साइझ. मायक्रोवर लाँच नको, १ जीबी मेमरीत काही उरत नाही. टी४जी मीडियम, २ व्हीसीपीयू आणि ४ जीबी, यावर तुमची सुरुवात व्हायला हरकत नाही. टी क्लासचं एवढंच लक्षात ठेवा की तो सीपीयू क्रेडिटवर चालतो, मीडियमची हक्काची पातळी प्रत्येक व्हीसीपीयूला २० टक्के, त्याच्यावर सतत गेलात तर आरडीएसवर तो थांबत नाही पण जादाचं बिल लागतं. म्हणून पंधरा घरांच्या टप्प्यात क्रेडिटचा आलेख बघा, दिवसभर उतरता दिसला तर सीझनपुरतं क्रेडिटशिवाय चालणाऱ्या एम क्लासच्या लार्जवर, ८ जीबीवर जा. रिझर्व्ह्ड इन्स्टन्सचं वर्षाचं कमिटमेंट एक सीझन बघितल्याशिवाय करू नका. बजेट काढताना मल्टी-एझेड, बॅकअप, लॉग आणि वरचा १८ टक्के जीएसटी धरा, आणि बजेट अलर्ट पहिल्या दिवशीच लावा.

तुमच्या बुकिंग टेबलाची रचना आणि उपलब्ध खोल्या शोधणारी क्वेरी पोस्टग्रेस कशी चालवतो ते दाखवणारं तिचं एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ टाका इथे, पाहुण्यांची नावं-नंबर काढून. प्रोसेस किती आणि पूल केवढा तेही लिहा. दिवाळीला वेळ आहे अजून, ते बघून इंडेक्सचं सांगतो.